प्रत होती, तरी रजिस्टर गेले

गेल्या जूनमध्ये एक वयस्क गृहस्थ नातीला घेऊन शाळेत आले. नातीच्या जात पडताळणीसाठी त्यांना आपल्या वडिलांच्या शाळाप्रवेशाची नोंद हवी होती. आपल्यातल्या ओबीसी कुटुंबांना हे प्रकरण नवे नाही. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात आणि तो बहुधा शाळेच्या जनरल रजिस्टरातच मिळतो. आमची जुनी रजिस्टरे शिकस्त वळणाच्या उर्दूत आहेत, बऱ्याच पानांना वाळवी लागलेली. दोन वर्षे संध्याकाळी बसून मी ती वाचून एक्सेलमध्ये उतरवली होती. म्हणून "बसा चाचा, पाच मिनिटांत देते" म्हणत मी मोठ्या ऐटीत कार्यालयातला संगणक उघडला. फोल्डर नव्हता.

तरी घाबरले नाही. कार्यालयातले आणि प्रयोगशाळेतले मिळून चार संगणक वायरने एकमेकांना जोडलेले आहेत. त्यांच्या फाइलींची प्रत रोज मधल्या सुट्टीत पाचव्या संगणकावर आपोआप पडते, आणि ती सोय मीच केलेली. पाचवा संगणक उघडला. तिथेही फोल्डर नव्हता.

झाले होते ते असे. दहा दिवसांपूर्वी जागा कमी पडते म्हणून कुणीतरी "जुने" नावाचा फोल्डर उडवला. त्याच दुपारी माझ्या आपोआप चालणाऱ्या सोयीने प्रतीतूनही तो इमानदारीने पुसला. उडवणाऱ्याला मी काही बोलले नाही, कारण पुसायचा हुकूम माझाच होता.

हा हुकूम लिहितात बॅच फाइलमध्ये. ते काही मोठे प्रोग्रॅमिंग नव्हे. नोटपॅडमध्ये संगणकाला द्यायच्या आज्ञा एकाखाली एक लिहायच्या आणि फाइल 'बॅट' या शेपटाने जतन करायची. विंडोजमधला टास्क शेड्युलर ती ठरल्या वेळी चालवतो. प्रती काढण्यासाठी 'रोबोकॉपी' नावाची आज्ञा व्हिस्टापासून विंडोजमध्येच येते. आधी मूळ फोल्डर, मग प्रतीचा फोल्डर, मग सूचना, एवढे तिला सांगायचे. बदललेल्या फाइलीच ती उचलते, म्हणून पहिल्या दिवसानंतर काम मिनिटांत उरकते.

घोळ सूचनांमध्ये असतो. मी 'एमआयआर' ही सूचना दिली होती. तिचा अर्थ आरसा. मूळ जागी जे आहे ते प्रतीत हवे आणि मूळ जागी जे नाही ते प्रतीतही नको. आरशासमोरून माणूस उठला की आरशातूनही जातो, तसेच. 'ई' ही सूचना दिली असती तर आतल्या फोल्डरांसह सगळे आले असते आणि काही पुसले गेले नसते. मात्र तिने जुन्या, नाव बदललेल्या फाइलींचा ढीग साठत जातो. तो नको म्हणून मी आरसा निवडला होता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. एखादी फाइल कुठल्या प्रोग्रॅमने अडवून ठेवली असेल तर रोबोकॉपी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा? आपण काही सांगितले नाही तर दहा लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून. हिशेब केला तर 347 दिवस होतात! म्हणून 'आर' पुढे 2 आणि 'डब्ल्यू' पुढे 5 लिहायचे: दोनदा प्रयत्न कर, पाच सेकंद थांब, पुढे जा. उर्दू किंवा मराठी नावाच्या फाइली ती नीट उचलते, पण बॅच फाइलमध्ये आपण टाइप केलेले देवनागरी किंवा उर्दू नाव बिघडू शकते. म्हणून सर्वांत वरच्या फोल्डरचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावे.

आता आमच्याकडे आठवड्याच्या वारांचे सात फोल्डर आहेत. शेड्युलरमध्ये सात नोंदी, प्रत्येक नोंद बॅच फाइलला आपला वार सांगते आणि प्रत त्या वाराच्या फोल्डरात जाते. आरसा तोच आहे, पण मंगळवारी उडालेली फाइल सोमवारच्या फोल्डरात पुढच्या सोमवारपर्यंत सापडते. कार्यालयाच्या फाइली लहान असतात, सातपट जागा परवडते. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ यात घालू नयेत.

पण मला दहा दिवसांनी कळले होते. सात फोल्डरांनीही मला वाचवले नसते. शिवाय 2017 च्या मे महिन्यातला वॉनाक्राय आठवा. तो जोडलेल्या संगणकांमधून पसरत फाइली कुलूपबंद करून पैसे मागत होता. अशी बाधा आली तर बॅच फाइल बिघडलेल्या फाइलीच भक्तिभावाने प्रतीत आणून ठेवील. म्हणून महिन्याला एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढते, वायर सोडवते आणि डिस्क घरी कपाटात ठेवते. तिच्यावर आरसा कधीच चालवत नाही.

यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या सल्ल्यावरून हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना कुरआन एकत्र लिहून काढायला सांगितले. छातीत जतन होतेच, तरी कागदावरही हवे, ही ती समज. हा धडा मी दरवर्षी वर्गात शिकवते आणि स्वतःच्या दोन वर्षांच्या मेहनतीला मात्र एकाच वायरीवर लटकवून ठेवले होते.

चाचांचे काम झाले. चार दिवस मूळ रजिस्टर चाळून त्यांच्या वडिलांची नोंद सापडली, कोपरा खाल्लेला पण तारीख शाबूत. माझ्या एका सहकारी आपांच्या पेन ड्राइव्हवर 1955 पर्यंतची जुनी प्रत निघाली. पुढचे पुन्हा टाइप करते आहे. मधली काही पाने दोन वर्षांपूर्वी मी वाचली होती, आता हात लावला की भुगा होतो.

घरातही दोन लॅपटॉप एकाच वायफायवर असतील तर हीच बॅच फाइल चालते. निकाहनाम्याचा स्कॅन, घराची कागदपत्रे, अम्मीच्या आवाजातली रेकॉर्डिंग, एवढ्यापासून सुरुवात करा. आणि महिन्यातून एकदा डिस्कवरची एखादी फाइल खरोखर उघडून पाहा. या महिन्यात मी 1958 ची उघडली. इयत्ता पहिलीत सव्वीस मुले आणि तीन मुली. तीनही नावे वाचता आली.