दाढेत अडकलेला चोविहार



सूर्यास्ताआधी जेवलो, चूळ भरली, पच्चक्खाण घेतलं, आणि रात्री नऊला दाढेतून तुरीच्या डाळीचं साल जिभेवर आलं. आता ते गिळायचं की थुंकायचं? साठीनंतर हिरड्या मागे सरतात, फटी पडतात आणि हा प्रश्न रोजचाच होतो. माझी एक दाढ अशाच दुर्लक्षाने गेली. म्हणून स्पष्ट लिहिते, आपल्या घरात वॉटर फ्लॉसर असावा.

शेजारच्या भाभी म्हणाल्या, "पाणी तुपासारखं वापरायचं आणि तुम्ही पिचकारी मारता?" मुद्दा खरा आहे. वसई-विरारमध्ये टँकरचं बिल भरणाऱ्या बाईला तर तो दोनदा खरा वाटतो. पण मी कॉमर्सवाली, हिशेब केला. माझ्या मशीनच्या टाकीत २०० मिली पाणी मावतं. दिवसातून एकदा म्हणजे वर्षाला ७३ लिटर. आमच्या बेसिनचा नळ मिनिटभर चालू ठेवून बादली धरली तर साडेचार लिटर भरलं! दात घासताना नळ चालू ठेवणाऱ्यांनी आधी तो बंद करावा, मग माझ्या पिचकारीकडे बघावं.

दुसरा उपाय धाग्याचा. पण पूर्वी तो रेशमाचा असे आणि आजही पुष्कळ धाग्यांना मेण लावतात, तेही कधी मधमाशांचं. पाकीट वाचून घ्या. शिवाय सांधे दुखणाऱ्या बोटांनी मागच्या दाढेपर्यंत धागा नेणं मला तरी जमलं नाही.

कुणी मुनींचं उदाहरण देतं. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन आहे, खरंच. पण दिवसातून एकदाच आहार हाही त्यातलाच मूलगुण. आपण नाश्ता, चहा, खाकरा, पुन्हा चहा करणार आणि नियम मात्र त्यांचा सोयीचा तेवढा उचलणार?

मी असं करते. गाळून, उकळून कोमट केलेलं पाणी त्याच वेळी भरते. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणून पावणेसहालाच जेवण उरकून बेसिनवर वाकते. दाब सगळ्यात कमी, ओठ अर्धे मिटलेले. पहिल्या दिवशी ओठ उघडे राहिले आणि आरसा, गाऊन, सगळं भिजलं. उरलेलं पाणी ओतून टाकी पुसून उलटी ठेवते. ओलाव्यात जीव होतात हे आपल्याला शिकवायला नको, डेंटिस्टही टाकी कोरडीच ठेवायला सांगतात. ब्रश मात्र सुटत नाही. दातावर चिकटलेला थर नुसत्या पाण्याने पूर्ण निघत नाही. आणि हिरड्यांतून रक्त येतच राहिलं तर मशीन बाजूला ठेवून डॉक्टर गाठा, मधुमेह असेल तर आधीच.

उपवासाच्या दिवशी मशीन कपाटात. सूनबाईचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ती चर्चगेटहून येताना डबा लोकलमध्येच संपवते, आणि त्या गर्दीत बाटलीतल्या पाण्याने धड चूळही भरता येत नाही. तुमच्यापैकी कुणी काही वाट काढली असेल तर कळवा.