कात्रणवह्यांना दफ्तरखान्यात जागा हवी

1956 साली नागपूरने अवघ्या अठरा दिवसांत दोन स्थित्यंतरे पाहिली. 14 ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि 1861 पासून चालत आलेले या शहराचे राजधानीपण संपले. कारभार हलला, दफ्तरांची वाटणी झाली. तरी राजधानीचा इतिहास फायलींत सुरक्षित राहिला, कारण तो सरकारचा होता. दीक्षेचा इतिहास लोकांचा होता. तो वस्त्यांमधल्या घरांत, लोखंडी पेट्यांत आणि कात्रणांच्या वह्यांत राहिला.

या वह्यांना आपण आजवर हौस म्हणत आलो. खरे तर आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाचा मोठा भाग अशाच घरगुती जपणुकीवर उभा आहे. नागपूरच्या मा. फ. गांजरे यांनी बाबासाहेबांच्या भाषणांचे खंड संपादित केले, ते सरकारी प्रकाशनाची वाट न पाहता. याच शहरातले वसंत मून पुढे शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेचे संपादक झाले. तिचा पहिला खंड 1979 साली निघाला. अप्रकाशित लेखनाचा तिसरा खंड यायला 1987 उजाडले. बाबासाहेबांच्या निर्वाणाला तेव्हा तीस वर्षे उलटली होती. चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कपडे आणि टाइपरायटर पाहायला मिळतात, ते वामनराव गोडबोले यांच्या चिकाटीमुळे. जुलै 1942 मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिला आलेल्या हजारो बायकांची नावे कुठल्या सरकारी नोंदवहीत शोधणार?

शिवाय कात्रणांचा कागद थांबायला तयार नाही. नागपूरच्या भोसलेकाळातला हातकागद चिंध्यांपासून, तागापासून बनलेला, म्हणून दोनशे वर्षांनीही हाताळता येतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन हवेने आणि उजेडाने पिवळे पडते, आम्ल वाढते आणि घडीवर कागद तुटतो. नागपूरचा मे महिना आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा हे काम झपाट्याने करतात. कणकेच्या किंवा मैद्याच्या खळीवर कसर आणि झुरळे येतात. चिकटपट्टीचा डाग तर कागदात कायमचा मुरतो. दीक्षेची बातमी त्यामुळे रघुजीराजे भोसल्यांच्या पत्रापेक्षा आधी नष्ट होऊ शकते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

यावर लोक सहज सांगतात, स्कॅन करून टाका. स्कॅन हवेच, पण वही फोडून नव्हे. कात्रणे सुटी करून तारखेवार लावली की वही मरते. कोणत्या बातमीशेजारी कोणते निमंत्रणपत्र लावले, समासात शाईने काय लिहिले, कुठले पान मुद्दाम कोरे ठेवले, यातून वही करणाऱ्याचे मन कळते. मूळ अंक एखाद्या ग्रंथालयात सापडेलही. हा क्रम दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून आधी प्रत्येक पानाचे आहे तसे छायाचित्र, मग आम्लमुक्त कागदाची पाने मध्ये घालून आम्लमुक्त पेटी, आणि फाटलेल्या जागी जपानी टिश्यू, असा क्रम हवा. वही कोणाच्या घरातली, कोणी केली, ही माहिती देणाऱ्याकडून त्याच वेळी लिहून घ्यावी. पुढच्या पिढीला ती सांगता येणार नाही.

1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागदांसाठी आहे. घरातल्या वहीला त्याचे संरक्षण नाही, आणि दफ्तरखान्याच्या दारापर्यंत ती आपण होऊन येणार नाही. घरच्यांना ती कायमची द्यायचीही नसते, आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाने आणि विद्यापीठाने मिळून, जिथे ती दीक्षा झाली त्या दीक्षाभूमीवर जावे. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, तिथे पुस्तकांची दुकाने लागतात. त्यांच्या रांगेत एक टेबल मांडावे, वही तिथल्या तिथे पानापानाने टिपून घ्यावी आणि आम्लमुक्त पेटीत घालून मालकाच्या हाती परत द्यावी. येत्या दसऱ्यापासून हे करता येईल.