खांद्यावरची पट्टी
१८८४ साली पॅरिसच्या सालों प्रदर्शनात जॉन सिंगर सार्जंटने व्हर्जिनी गोत्रो हिचं चित्र मांडलं, आणि बोभाटा झाला तो एका पट्टीवरून. काळा झगा, पांढरीफटक कांती, आणि उजव्या खांद्यावरून खाली ओघळलेली रत्नजडित पट्टी. उघड्या गळ्याचे पोशाख तेव्हा मेजवान्यांत सर्रास असत. त्याला कुणाची हरकत नव्हती. पट्टी जागेवर असली की बाई घरंदाज, घसरली की तिच्या चारित्र्याचा पंचनामा! हा न्याय मला आजही संतापजनक वाटतो. तिच्या आईने चित्र काढून घ्यायची विनवणी केली. पुढे सार्जंटने पट्टी पुन्हा खांद्यावर रंगवली. १९१६ साली चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकताना, तिचं नाव लावू नका, असं सांगितलं.