कोनशिलेवर न मावणारा खर्च

दिवाळी अंक जाहिरातींवर निघतो, हे आम्ही कधी लपवलेले नाही. वाचक मोजतो त्या किमतीत कागद आणि छपाईसुद्धा भागत नाही. उरलेला भार सराफ, सहकारी बँका आणि मसालेवाले उचलतात. तेव्हा दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांकडे नाक मुरडून पाहण्याचा अधिकार निदान आम्हाला तरी नाही. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग धर्मादाय रुग्णालयांवर आहे आणि त्यातही चर्चशी जोडलेल्या रुग्णालयांवर, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘मिशनचा दवाखाना’ म्हणतात त्यांच्यावर. या दवाखान्यांविषयी दोनच कथा सांगितल्या जातात. एक कृतज्ञतेची: परदेशातून देवमाणसे आली आणि त्यांनी गरिबांना बरे केले. दुसरी संशयाची: परदेशातून पैसा आला आणि त्यामागे हेतू होता. दोन्ही कथांत पैसा एकदाच येतो आणि एकाच दिशेने येतो. प्रत्यक्ष हिशेब तसा नाही. या रुग्णालयांना जन्म देणगीने दिला, पण जगवले ते भागीदारीने. आणि जिथे भागीदारी आटली, तिथे मोठ्यातली मोठी देणगीही केवळ दगडावरचे नाव होऊन राहिली.

मिरजेचेच पाहा. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. आधी सांगलीत दवाखाना, मग मिरजेत रुग्णालय. ते १८९४ मध्ये उघडले. जागा दिली मिरज संस्थानाच्या पटवर्धन अधिपतींनी. इमारतीचा पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याचे प्रमुख. इंजिनांच्या नफ्यातून उभे राहिलेले रुग्णालय मिरजेसारख्या जंक्शनच्या गावी असावे आणि रुग्णांनी आगगाडीने लांबलांबून तिथे यावे, हा योगायोग कुणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला हसलो असतो. पण मुद्दा वेगळा आहे. हिंदू संस्थानिकाची जमीन, अमेरिकन उद्योगपतीची इमारत आणि चर्चने पाठवलेला डॉक्टर एवढ्या तिघांवर रुग्णालय उघडते, चालत नाही. ते चालवायला ड्रेसिंग करणारे, भूल देणारे, रात्रभर जागणारे हात लागतात आणि ते जहाजाने मागवता येत नाहीत. म्हणून तीनच वर्षांत, १८९७ मध्ये, वानलेस यांनी इथल्याच मुलांना शिकवणारी वैद्यकशाळा काढली, परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, ज्याच्यामुळे सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले. १९६२ मध्ये मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकण्यासाठी मिशनचे रुग्णालय उपयोगी पडले. सरकार आणि चर्च यांची ही भागीदारी ‘पीपीपी’ (सरकारी-खासगी भागीदारी) हा शब्द आपल्या कानांवर पडण्याच्या किती तरी आधीची आहे. आणि याच रुग्णालयाच्या ओढगस्तीच्या बातम्या अलीकडच्या काळात वाचाव्या लागल्या. एखाद्या जुन्या संस्थेच्या उतरणीला कारणे अनेक असतात. एकाच कारणावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. तरी एवढे खरे, की नव्या जोडीदारांची वाण पडली तर कन्व्हर्स यांच्या इमारतीला आजच्या महिन्याचा पगार देता येत नाही.

देणगीदाराला इमारत का आवडते, हे समजण्यासारखे आहे. ती दिसते, तिचा फोटो निघतो, तिला कोनशिला बसते आणि ती एकदाच द्यावी लागते. कापूस, सलाईन, जनरेटरचे डिझेल, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा पगार यांना कोनशिला नसते आणि ते दर महिन्याला लागतात. आजच्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यात आरोग्य येते. पण या नियमांतला दीर्घ प्रकल्प म्हणजे सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी फार तर तीन वर्षे. डायलिसिसचे यंत्र तेवढ्यात बसते. डायलिसिस घेणारा रुग्ण मात्र पाचव्या वर्षीही आठवड्यातून दोन-तीनदा येतो.

याचे उत्तर तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने शोधले, म्हणून तिथे थोडे रेंगाळायला हवे. न्यूयॉर्कचे बँकर रॉबर्ट शेल यांनी पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या १०,००० डॉलरांतून मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांचे ४० खाटांचे रुग्णालय १९०२ मध्ये उभे राहिले. इथवर कथा मिरजेसारखीच. पुढचा टप्पा निराळा. १९२०च्या दशकाच्या आरंभी आशियातल्या सात महिला महाविद्यालयांसाठी रॉकफेलर घराण्याच्या निधीने दहा लाख डॉलर देऊ केले, पण अट घातली: आधी तुम्ही वीस लाख जमवा. ते अमेरिकेतल्या चर्चमधल्या बायकांनी लहानलहान वर्गणीतून जमवले. वेल्लोरची महिलांसाठीची वैद्यकशाळा त्या सातांपैकी एक. श्रीमंताची देणगी इथे शेवटी आली, आधी हजारो हातांची बांधिलकी आली. पुढे वेगवेगळ्या पंथांच्या चर्चनी मिळून ही संस्था चालवली आणि पुरस्कृत विद्यार्थ्यांची पद्धत रूढ झाली: चर्चने विद्यार्थ्याला पाठवायचे, त्याने शिकून झाल्यावर दोन वर्षे त्या चर्चच्या एखाद्या आडगावच्या रुग्णालयात काम करायचे. म्हणजे लहान रुग्णालयाला मोठ्याकडून पैशापेक्षा दुर्मिळ वस्तू मिळते, डॉक्टर. आज वेल्लोरचा रोजचा खर्च मुख्यतः रुग्णांच्या फीवर चालतो. ज्याला परवडते त्याच्या बिलातून ज्याला परवडत नाही त्याची खाट निघते. देणगी उरते ती नव्या कामासाठी आणि अगदीच निराधारांसाठी. याच वेल्लोरचे विद्यार्थी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, तेव्हा आरंभीचे बळ जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाने दिले. पण कामाचा कणा ठरल्या त्या गावच्याच, बहुतेक निरक्षर, आरोग्यसेविका.

आता आक्षेप. पहिला धर्मांतराचा. तो उडवून लावू नये. जुन्या मिशनऱ्यांना धर्मप्रसार हवा होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. पण एखाद्या संस्थेचा हेतू तपासायचा तर तिची पैशाची वाट पाहावी. ज्या रुग्णालयाचा खर्च रुग्णांच्या बिलातून, सरकारी योजनांतून आणि स्थानिक वर्गणीतून निघतो, त्याला एकाच दूरच्या देणगीदाराची मर्जी राखावी लागत नाही. संशय असणाऱ्याने खरे तर भागीदारांची संख्या वाढवण्याचाच आग्रह धरायला हवा. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, याची ओरड जास्त झाली. रुग्णालयांना ती तितकीशी लागू नाही, कारण डॉक्टरांचे पगार नियमानुसार त्या खर्चात धरले जात नाहीत. खरा घाव दुसऱ्या कलमाचा: एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. आडगावच्या रुग्णालयाला ना परदेशी पत्रव्यवहार जमतो ना खाती सांभाळणे. त्याचे काम एखादी मध्यवर्ती संस्था करत असे. गैरव्यवहार रोखायला कडक हिशेब मागणे योग्यच आहे. पण हिशेब मागणे वेगळे आणि मधला पूल काढून घेणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आरोग्य ही सरकारची जबाबदारी, ती देणगीदारांवर का सोडायची? तत्त्व मान्य. मात्र महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार करायला रुग्णालय आधी उभे असावे लागते आणि योजनेचा पैसा हाती येईपर्यंत औषधवाल्याचे बिल चुकवावे लागते. त्या मधल्या काळाला तरी कुणी तरी हवे. शिवाय महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात १० टक्के खाटा राखाव्या लागतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या बिलाचे २ टक्के वेगळे ठेवायचे. महानगरातल्या बड्या रुग्णालयाचे २ टक्के मोठे भरतात. जिथे बहुतेक रुग्ण शेतमजूर आहेत तिथे २ टक्के कशाचे काढायचे? म्हणजे गरिबांची जास्त सेवा करणाऱ्याकडेच गरिबांसाठीचा निधी कमी. ही गाठ कायद्याने सुटणारी नाही, ती बाहेरच्या नियमित मदतीनेच सैल होते.

या अंकाच्या अखेरच्या पानांवर आम्ही काही लहान रुग्णालयांची आवाहने विनामूल्य छापली आहेत. त्यांत मिशनची आहेत, इतरही आहेत. अट एकच घातली होती: मागणी बांधकामाची नको, महिन्याच्या खर्चाची हवी, तीही आकड्यांसह. ऑक्सिजन किती, धुलाई किती, रात्रपाळीच्या सिस्टरचा पगार किती.