तंजावरचा वारसा आणि डॉक्टरांचे शिक्षण

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तंजावर ठाऊक असते ते व्यंकोजीराजांच्या राज्यामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांचे वैद्यकीय कार्य मात्र त्या मानाने अपरिचित राहिले. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या वैद्यकपद्धतींचा एकत्र विचार होत असे. नेत्ररुग्णांच्या तेव्हाच्या सचित्र नोंदी आजही उपलब्ध आहेत. अनुभवाला उतरलेले उपचार राजांनी तमिळ पद्यात ग्रथित करवून घेतले. राजघराण्याची भाषा मराठी, राजांचा व्यासंग संस्कृत व इंग्रजीचा. तरी औषधाचे ज्ञान रयतेच्या भाषेत उतरले. प्रशासनाच्या दृष्टीने हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

त्याच तंजावरात आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१९ पासून देशभरातील वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या संपर्कात राहावे, असा उपक्रमही आणला. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु ‘सांस्कृतिक जाण’ म्हणजे अमुक जातीच्या चालीरीती आणि तमुक समाजाचे समज यांची यादी, असा अर्थ वर्गात रूढ झाला, तर या शिक्षणाने लाभापेक्षा हानीच अधिक होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील विषमतेचे मूळ चालीरीतींपेक्षा जमिनीच्या मालकीत अधिक खोल गेलेले आहे. २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात मजुरीच्या वादातून ४४ दलितांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. मृतांमध्ये बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. येथील जमीनदारांना ‘मिरासदार’ म्हणत. हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. तंजावरच्या जुन्या सरकारी रुग्णालयाचे नावच राजा मिरासदार रुग्णालय असे आहे. दानशूरतेची आठवण देणारे हे नाव भूमिहीन मजुराच्या घरात कोणती आठवण जागी करत असेल, हा प्रश्न प्रशिक्षणार्थींपुढे अवश्य ठेवावा. त्याचे उत्तर कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

समजा, एखादी गरोदर शेतमजूर स्त्री ठरलेल्या दिवशी तपासणीला आली नाही. केसपेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा मारणे अगदी सोपे असते. पण लावणीच्या दिवसांत सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात येणे म्हणजे तिच्या दृष्टीने दिवसाची मजुरी बुडवणे होय. तिच्या गैरहजेरीचा दोष संस्कृतीवर टाकला की वेळापत्रक ठरवणारे आम्ही प्रशासक अलगद सुटतो. ‘अज्ञान’ आणि ‘अंधश्रद्धा’ हे शब्द आमच्या सोयीचे असतात, ते यासाठीच.

याचा अर्थ संस्कृतीला महत्त्व नाही, असा मुळीच नाही. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी आदिवासींना विचारून रुग्णालयाची मांडणी ठरवली. मोठ्या इमारतीऐवजी गावासारख्या झोपडीवजा वास्तू उभ्या राहिल्या आणि दवाखान्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लोकांचे म्हणणे ऐकल्यावर संस्था बदलली. ऐकून घेण्याचे शिक्षण द्यायचे आणि संस्थेने मात्र तसूभरही हलायचे नाही, अशाने विद्यार्थी केवळ गोड बोलायला शिकतील.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक प्रशिक्षणार्थीने रुग्णवृत्तांतात रोगलक्षणांबरोबर रुग्णाचे काम, मजुरी, रुग्णालयापर्यंतचे अंतर आणि घरात उपचाराचा निर्णय कोण घेते, हे नोंदवावे. दुसरी, उपचार अर्धवट सोडणाऱ्या रुग्णांवर दरमहा चर्चा व्हावी आणि तिला प्रशासकीय अधिकाऱ्याने उपस्थित राहावे; वेळ बदलणे वा वाहनाची सोय करणे त्याच्याच हाती असते. तिसरी, भाषेची अडचण असेल तेथे दुभाष्याची नेमणूक करावी. नवऱ्याला वा शाळकरी मुलीला दुभाषी करू नये, कारण त्यांच्यासमोर स्त्री सगळे सांगत नाही. या तिन्ही गोष्टींना खर्च येतो. तो अंदाजपत्रकात दिसला, तरच शासन या विषयाकडे गांभीर्याने पाहते असे म्हणता येईल.

परप्रांतात वा परदेशात राहणाऱ्या वाचकांना हे अधिक पटावे. परक्या भाषेत आपले दुखणे सांगताना होणारी ओढाताण त्यांच्या परिचयाची आहे. सुशिक्षित, सुस्थितीतील माणसाची ही गत होते, तर आपल्याच जिल्ह्याच्या रुग्णालयात परकेपणा वाट्याला येणाऱ्या मजूर स्त्रीची काय होत असेल, याचा विचार डॉक्टरांच्या शिक्षणात व्हायला हवा आणि त्यांच्या परीक्षेतही.