पाहण्याचा हट्ट

जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा मासा घरी आणावा आणि त्यावरून साहित्याच्या अध्यापनाविषयी मत मांडावे, हा प्रकार काहींना अतिरेकी वाटेल. तरीही मांडतो; कारण या माशाने आमची एक जुनी व्यावसायिक खोड उघडी पाडली आहे.

माशाचे नाव दारिओ दारिओ. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील उथळ, नितळ, पाणवनस्पतींनी दाटलेले ओढे हे त्याचे घर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. २००२ साली कुलांडर आणि ब्रिट्झ यांनी दारिओ हा स्वतंत्र वंश मानला. (त्याचा एक दाक्षिणात्य भाऊबंद कृष्णेच्या खोऱ्यात, तुंगेच्या एका उपनदीत राहतो. अंगावरच्या पट्ट्यांमुळे त्याला ‘हुली’, म्हणजे कन्नडमधला वाघ, असे नाव मिळाले. पण तेही २०१५ साली. इतकी वर्षे हा वाघ कोणाच्या नजरेत भरला नव्हता.)

दारिओचा नर लालभडक, निळसर उभ्या पट्ट्यांचा. आम्ही भाळलो ते त्या लाल रंगावर. चार मासे आणले आणि ते तत्काळ फिल्टरच्या मागे नाहीसे झाले. प्रकाश अपुरा असावा असे समजून आम्ही अधिक प्रखर दिवा लावला. मग आड येणाऱ्या वनस्पतीही काढून टाकल्या. आता सारे स्वच्छ दिसत होते आणि जे दिसत होते ते राखाडी होते. हा मासा भ्याला की रंग टाकतो. कोरड्या खाद्याला त्यांनी तोंड लावले नाही. ते तळाशी कुजत राहिले. जिवंत खाद्यच लागेल, असे दुकानदाराने बजावले होते. आम्ही ते ऐकल्यासारखे केले होते. नवव्या दिवशी एक मासा मेला. त्याचा दोष आमच्याखेरीज कोणाकडेही जात नाही.

त्यानंतर टाकीत शेवाळ, लाकडाचा ओंडका, बदामाची वाळकी पाने आली. वर तरंगत्या वनस्पतींचे छत आले. मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी घालून रोज सुईच्या टोकाएवढी पिल्ले काढू लागलो. दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी, दिवा बंद असताना, शेवाळातून एक लाल ठिणगी बाहेर आली, पर ताणून दुसऱ्या लाल ठिणगीवर धावून गेली आणि परत आत गेली.

वर्गात आम्ही वर्षानुवर्षे काय करीत आलो? कवितेवर दिवा धरला, आड येणारे सारे उपटले आणि मुलांना सांगितले, पाहा, हा आशय. मुलांनी पाहिले, त्यांना राखाडी दिसले. कविता मुलांना आवडत नाही, अशी तक्रारही आम्हीच केली.

दुसरी गोष्ट उशिरा ध्यानात आली. आमचे चारही मासे नरच होते. मादी करडी, आखूड परांची. तिला गिऱ्हाईक नाही, म्हणून बाजारात येणाऱ्या खेपांत ती क्वचितच असते. देखणे तेवढे निवडायचे, हा न्याय आम्हांला अपरिचित नव्हता. पाठ्यपुस्तकांसाठी वेचे निवडणाऱ्या समित्यांत आम्हीही बसलो आहोत. चमकणारा उतारा उचलायचा. ज्या संथ, करड्या पानांमुळे तो चमकतो ती मागे ठेवायची.

गेल्या महिन्यात दुकानदाराकडे करड्या माशांची चौकशी केली. त्याने नव्या खेपेतला एक मासा अर्ध्या किमतीत दिला. “हा फिका पडलाय, साहेब,” म्हणाला. तीन आठवडे झाले. तो स्वतंत्र टाकीत, शेवाळात आहे, नीट खातो आहे आणि अजून लाल झालेला नाही. तो भेदरलेला नर आहे की मादी, हे कळायला आणखी काही दिवस जातील. पाहुणे विचारतात, ही टाकी रिकामी का ठेवली? आम्ही त्यांना बसायला खुर्ची देतो.