ज्याचे काम त्याच्याकडे

राजुऱ्याच्या तहसील कचेरीत दाखल्यांच्या नकला लिहिण्याचे काम खुद्द तहसीलदारांवर सोपविले, तर नकला निघतील. पण ज्या प्रकरणांना त्यांचाच निर्णय लागतो ती खोळंबतील आणि प्रत्येक नकलेचा खर्च अकारण वाढेल. शहाणपणाने चालणारी कचेरी असे करीत नाही. मग मोठमोठ्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब वाहणाऱ्या मेनफ्रेम संगणकांनी तरी ते का करावे?

हा विचार जुनाच आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक बसविला गेला, तेव्हा त्याच्या जोडीला १६०-ए हे लहान यंत्र होते. कार्डे वाचणे, छपाई करणे अशी संथ कामे लहान यंत्राकडे देऊन मोठ्याचा मोलाचा वेळ वाचविण्याचा त्या काळी प्रघात होता. आयबीएमने कामाची ही वाटणी पुढे मेनफ्रेमच्या पोटातच आणली. २००० साली लिनक्ससाठी, २००४ साली जावा भाषेतील आज्ञावल्यांसाठी आणि २००६ साली माहितीसाठ्याच्या ठराविक कामांसाठी तिने खास प्रोसेसर दिले. यांपैकी शेवटच्यास 'झिप' म्हणतात. जावाचे कामही पुढे त्याच्याकडेच आले.

याचे लाभ उघड आहेत. मेनफ्रेमवरील सॉफ्टवेअरचे शुल्क बहुतांशी सर्वसाधारण प्रोसेसरांच्या क्षमतेवर वा वापरावर आकारले जाते. खास प्रोसेसरवरील काम त्यात धरले जात नाही. ग्राहकाने कमी वेगाचे यंत्र घेतले तरी खास प्रोसेसर पूर्ण वेगाने चालतो. शिवाय नवी आज्ञावली जुन्या नोंदींच्या शेजारीच चालत असल्याने त्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर वाहून नेण्याचा विलंब आणि धोका टळतो.

तथापि, ही अभियांत्रिकी नसून दर आकारणीची युक्ती आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. दोन्ही प्रोसेसरांची घडण मूलतः एकच. भेद आहे तो अंतर्गत सूचनांचा आणि कराराचा. २००९ साली निऑन नावाच्या अमेरिकन कंपनीने इतर कामेही या प्रोसेसरांवर ढकलणारे सॉफ्टवेअर विक्रीस आणले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २०११ साली तडजोड होऊन ते सॉफ्टवेअर बाजारातून गेले. म्हणजे कोणते काम स्वस्तात व्हावे, हे विक्रेताच ठरवितो. नेहमीच्या कोबोल आज्ञावल्यांना ही सवलत नाही. म्हणून केवळ शुल्क वाचविण्यासाठी वर्षानुवर्षे बिनचूक चाललेले कोबोल मोडून जावात लिहिणे हा अविचार ठरेल. नवे काम खास प्रोसेसरवर द्यावे, जुने सिद्ध काम आहे तेथे राहू द्यावे, हाच व्यवहार्य मार्ग होय.

राजुऱ्याच्या विद्यार्थ्याला हा विषय दूरचा वाटेल. पण तो तसा नाही. पुण्या-मुंबईच्या अनेक कंपन्या परदेशी बँकांचे मेनफ्रेम सांभाळतात. जावा शिकलेल्या तरुणाला तेथील दार या प्रोसेसरांनी किलकिले केले आहे. मात्र आज्ञावली लिहिता येणे पुरेसे नाही; तिचा खर्च कोठे पडतो आणि तो कोण ठरवितो, हेही त्याला कळले पाहिजे. तेवढे शिकविण्याची जबाबदारी महाविद्यालयांची आहे.